नियम तेवीस आणि सुवाच्यभाऊंचं अक्षर

सुवाच्यभाऊंकडे सगळ्या कारखान्याचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका चुकीमुळे.

कारखाना साबणाचा होता. वर्षातून एकदा तिथल्या मोठ्या कढया आतून खरवडून घ्यायच्या म्हणून तीन दिवस काम बंद असे. बावीस वर्षांपूर्वी एकदा व्यवस्थापनाने शिक्क्यासह छापील नोटीस लावली, की काम गुरुवारी सुरू होईल. तीच बातमी संघटनेच्या फळ्यावरही लिहायची होती. तेव्हाच्या अध्यक्षांनी जिना उतरता उतरता घाईत ‘शुक्रवार’ सांगितलं आणि छाप विभागातल्या एका नव्या, अबोल माणसाने खडू घेऊन तसंच लिहिलं. गुरुवारी सकाळी सातला भोंगा झाला तेव्हा फाटकात मॅनेजर, पहारेकरी आणि एक कुत्रं एवढेच हजर होते. चारशे कामगार शुक्रवारी आले, आणि तेही अगदी वेळेवर.

“छापलेलं वाचता येत नाही का तुम्हाला?” मॅनेजर कडाडला.

“येतं की साहेब,” कढईवरचा एक जण म्हणाला, “पण इतक्या सुंदर अक्षरात खोटं कोण लिहील, सांगा.”

अक्षर होतंच तसं. फळा फाटकाच्या डाव्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली. त्यावर ओळी आखलेल्या नसत, तरी शिरोरेघ अशी सरळ जाई की गवंड्याने पाणसळ लावून पाहावी. ‘ळ’च्या दोन्ही गाठी सारख्या, ‘क्ष’चं पोट फुगलेलं नाही, आणि ‘र’ची शेपटी शेजाऱ्याच्या अंगणात घुसत नसे. लोक नुसतं वाचायला नाही, बघायलाही थांबत. फॉर्म भरायची वेळ आली की जो तो त्यांच्याकडे धाव घेई, कारण प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर ‘सुवाच्य अक्षरात भरावा’ असं छापलेलं असतं. एकदा मुकादम वैतागून म्हणाला, “अरे, त्या सुवाच्यकडेच द्या ना सगळे!” तेव्हापासून आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

भाऊंचं काम दोन ठिकाणी वाटलेलं होतं. सात ते अकरा छाप विभाग. तिथे साबणाच्या कापलेल्या वड्या यंत्राखालून जातात आणि प्रत्येकीच्या पोटावर कंपनीचं नाव उमटतं. अकरानंतर ते सायकलस्टँडवरच्या संघटनेच्या कचेरीत जात. दोन खोल्यांची ती कचेरी. आतल्या खोलीत टेबल, चहाची मोठी किटली आणि कागदाच्या प्रती काढणारं एक यंत्र, जे कुशीत थाप मारल्याशिवाय सुरू होत नसे. बाहेरच्या खोलीला सभागृह म्हणत. त्यात बेचाळीस खुर्च्या होत्या, त्यांतल्या तीन लंगड्या. शिवाय एक माईक होता. भाऊ फाटकावरचा फळा लिहीत, कचेरीत बैठकीचं इतिवृत्त लिहीत, पत्रं लिहीत. मजकूर सगळा दुसऱ्यांचा. स्वतःच्या मनातलं एक वाक्यही त्यांनी बावीस वर्षांत त्या फळ्यावर लिहिलं नव्हतं.

संघटनेचे अध्यक्ष अठरा वर्षं बिनविरोध निवडून येत होते. समोर कुणी उभंच नसल्यामुळे प्रचाराची गरज नव्हती, पण तरी ते प्रचार करत, आणि जोमाने करत. संघटनेच्या सभागृहात, संघटनेच्या माईकवर, संघटनेच्या किटलीतला चहा पाजून ते हात जोडून म्हणत, “मला पुन्हा एकदा संधी द्या.” ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता ते लोक चहा संपवून टाळ्या वाजवत. पत्रकं संघटनेच्या यंत्रावर निघत आणि ती अर्थात भाऊंच्या अक्षरात असत. यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाने घरचा पंखा लावला तर कोण विचारतं?

भाऊंची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बत्तीस बायका उभ्या राहून वड्या कागदात गुंडाळत. आठ तास उभ्या. खाली साबणाचा चुरा पडून फरशी गुळगुळीत झालेली, त्यामुळे पाय घट्ट रोवून उभं राहावं लागे. संध्याकाळपर्यंत घोटे असे सुजत की चपलेच्या पट्ट्याचा ठसा सकाळपर्यंत जात नसे. म्हणून दर वर्षीच्या मागण्यांच्या यादीत एक मागणी असायची: ‘पॅकिंग विभागास बसण्यासाठी स्टुलं मिळावीत.’ सात वर्षं ती यादीत होती आणि सातही वर्षं तिचा क्रमांक नववा होता. आठव्या क्रमांकापर्यंत पोचता पोचता सभेला भूक लागायची.

आठव्या वर्षी भाऊ फळ्यावर मागण्या लिहीत होते, तेवढ्यात अध्यक्ष आले. मागे हात बांधून त्यांनी फळा न्याहाळला.

“सुंदर. पण भाऊ, खाली ‘सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे’ एवढं टाका.”

“जागा नाही हो.”

“मग नऊ नंबर पुसा की. तो काय, आहेच दरवर्षी. लोकांना पाठ झालाय.”

भाऊंनी पुसला. पाळी सुटण्याची वेळ होती आणि फाटकातून बायका बाहेर पडत होत्या. त्यांत त्यांची बायकोही होती. तिने पाहिलं, पण एक अक्षर न बोलता ती पुढे निघून गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात भाऊंना एवढं कळत होतं की ती बोलली असती तर परवडलं असतं.

घरी आले तर ती पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून बसलेली.

“काय हो, आज काय पुसून आलात?”

“अगं, अध्यक्षांनीच सांगितलं...”

“अध्यक्षांनी सांगितलं तर आमचे पायसुद्धा पुसून टाकाल. बत्तीस जणींचे चौसष्ट.”

“मी नुसता लिहिणारा. निर्णय कमिटीचा असतो.”

“आणि कमिटीत आमच्याकडून कोण? अध्यक्षांचा मेहुणा! बारा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून ‘मंजूर’ सोडून दुसरा शब्द ऐकलाय कुणी?” तिने पाय बादलीतून काढून टॉवेलवर ठेवले. “छाप आणि पॅकिंग मिळून एक जागा आहे ना? उभे राहा तुम्ही.”

“मी? मी कसा उभा राहणार? तूच राहा की.”

“मी आठ तास उभीच असते,” ती म्हणाली. “आता तुमची पाळी.”

दुसऱ्या दिवशी भाऊंनी कचेरीतून उमेदवारीचा कोरा अर्ज आणला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कारखान्यात दुसरी मोठी गोष्ट घडली. बॉयलरवरचा ऑपरेटर अध्यक्षपदाला उभा राहिला. माणूस आवाजाने मोठा. बॉयलरच्या घरघराटात वर्षानुवर्षं बोलल्यामुळे तो ‘या, बसा’ म्हणाला तरी भांडण चाललंय असं वाटे. त्याने पहिली तक्रार केली ती हीच, की अध्यक्ष प्रचारासाठी संघटनेचं सभागृह, यंत्र, माईक आणि किटली वापरतात. दुसरं काम त्याने केलं ते भाऊंच्या घरी जाऊन. “भाऊ, माझं एक पत्रक लिहून द्या. तुमच्या हातचं असलं की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.” भाऊंनी हो-नाही काही म्हणायच्या आत ही बातमी अध्यक्षांपर्यंत पोचलीसुद्धा.

आता निवडणूक अधिकारी नेमणं भाग होतं. वजनकाट्यावरचे निवृत्त कारकून बोलावले गेले. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. तीस वर्षं फाटकावर ट्रक तोलण्यात गेली होती आणि ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय त्यांनी एकही गाडी तोलली नव्हती. एकदा खुद्द मालकाची गाडी काट्यावरून जाताना त्यांनी मालकांना उतरवलं होतं, अशी त्यांची ख्याती. त्यांनी संघटनेची घटना कपाटातून काढली, धूळ झटकली आणि नियम तेवीस मोठ्याने वाचला: ‘संघटनेच्या मालकीच्या कोणत्याही सुविधेचा वापर कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी करू देऊ नये. करू दिल्यास तो सर्व उमेदवारांना सारखा करू द्यावा.’

“म्हणजे आधी सुविधा कोणत्या ते ठरलं पाहिजे,” काटेवाले म्हणाले आणि यादी करायला बसले. सभागृह एक. खुर्च्या बेचाळीस, पैकी लंगड्या तीन. यंत्र, माईक, किटली, फळा. खडूंचा डबा उघडून त्यांनी खडू मोजले, तुकडे वेगळे धरले.

“एक राहिलं,” अध्यक्ष म्हणाले. “अक्षर.”

“कुणाचं?”

“भाऊंचं. ते संघटनेच्या मालकीचं आहे. खडू आमचा, फळा आमचा, वेळ आमची. बावीस वर्षं आम्ही ते वाढवलंय. उद्या कुणीही उपटसुंभ त्यांच्या घरी जाऊन पत्रकं लिहून घेईल, हे चालायचं नाही.”

उपटसुंभ समोरच बसला होता. तो उसळणार असं सगळ्यांना वाटलं. पण बॉयलरवाला एकदम हसला. “बरोबर बोललात अध्यक्ष! अक्षर संघटनेचंच. म्हणजे ती सुविधा झाली. म्हणजे नियम तेवीस. म्हणजे तुमच्याही पत्रकाला ते वापरता येणार नाही. लिहा हो यादीत.”

अठरा वर्षांत संघटनेत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं आणि ते भाऊंच्या हातावर झालं. भाऊ कोपऱ्यातल्या लंगड्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. माईकला तरी कुठे विचारलं होतं?

काटेवाल्यांनी सभागृहाला कुलूप लावलं, यंत्राला आणि माईकला चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली, किटलीच्या झाकणालाही पट्टी लावली. अक्षराला पट्टी कुठे लावायची हा प्रश्न मात्र उरला. शेवटी भाऊंकडून हमीपत्र घ्यायचं ठरलं, की निवडणूक होईपर्यंत सदर अक्षर कामी लावणार नाही. हमीपत्र कोण लिहिणार? भाऊंना तर लिहिता येत नव्हतं, म्हणजे येत होतं पण चालत नव्हतं. काटेवाल्यांनीच ते कसंबसं खरडलं आणि भाऊंसमोर शाईचा डबा सरकवला.

“सही करू?”

“सही म्हणजे अक्षरच आलं. अंगठा द्या.”

आणि कारखान्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर असलेल्या माणसाने डाव्या हाताचा अंगठा उमटवला.

घरी हे ऐकल्यावर बायकोने एक म्हण वापरली. ती मोरीविषयी आहे, आपली असूनही तिथे चोरी कशी होते त्याविषयी, आणि ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे इथे लिहायची गरज नाही. मग ती म्हणाली, “आणि तुमचा अर्ज? तो कोण भरणार?”

भाऊंनी खिशातला अर्ज काढून उलगडला. वरच छापलं होतं: ‘अर्ज उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात व सुवाच्य भरावा.’

दोघांनी ती ओळ दोनदा वाचली. स्वतःच्या अक्षरात भरावा तर संघटनेची सुविधा वापरली म्हणून बाद. दुसऱ्याच्या अक्षरात भरावा तर स्वतःचं हस्ताक्षर नाही म्हणून बाद. अर्ज भरायची मुदत उद्या दुपारी बाराला संपत होती.

“आणा इकडे,” बायको म्हणाली. “मी भरते. बघू काय करतात.”

तिचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेली असावी तसं. वेलांट्या एकमेकींना अडखळत, उकार पुढच्या ओळीत पाय सोडून बसत. ‘वय’ या रकान्यात तिने काय लिहिलं ते तिलाही नंतर वाचता आलं नाही. खाली भाऊंनी अंगठा दिला.

छाननीच्या दिवशी अध्यक्षांच्या मेहुण्याला कळलं की आपल्याविरुद्ध कुणीतरी उभं आहे. बारा वर्षांत असं कधी झालं नसल्यामुळे तो आधी घाबरला आणि मग अध्यक्षांकडे बघू लागला. अध्यक्षांनी अर्ज हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हरकत!” ते म्हणाले. “हा अर्ज सुवाच्य नाही.”

कचेरीत हशा पिकला. सुवाच्यभाऊंचा अर्ज सुवाच्य नाही, ही गोष्ट दुपारच्या आत कढईपासून फाटकापर्यंत पोचली आणि लोक पोट धरून हसले. भाऊ हसले नाहीत. ते काटेवाल्यांकडे वळले.

“साहेब, एक विचारू? बावीस वर्षं मी वर्गणी भरतो. मी सभासद आहे की सामान?”

काटेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ड्रायव्हर गाडीसकट तोलायचा की उतरवून, हाच प्रश्न पुन्हा समोर आला होता. फक्त इथे ड्रायव्हर उतरवला तर गाडीच उरत नव्हती. अर्धा तास घटना चाळून त्यांनी निकाल दिला: नियम तेवीसचं दुसरं वाक्य लागू. भाऊंना स्वतःच्या अक्षरात अर्ज भरू द्यावा. पण मग तीच सुविधा इतर सर्व उमेदवारांनाही सारखी मिळावी. प्रत्येकी फळ्याचा एक चतुर्थांश भाग, मजकूर साठ शब्दांचा, शब्द मोजणार काटेवाले.

फळा मोजपट्टीने चार भागांत विभागला गेला. अध्यक्ष, बॉयलरवाला, मेहुणा आणि भाऊ; बाकीच्या जागा बिनविरोध होत्या. साठ शब्दांची मर्यादा आल्यावर एक गंमत झाली. शाळेत कुणाला कधी न समजलेला समास चार दिवसांत सगळ्या कारखान्याला आला. अध्यक्षांनी ‘कामगारहितदक्षकार्यतत्परनेतृत्व’ हा एक शब्द म्हणून आणला. बॉयलरवाल्याने ‘अठरावर्षांचाअंधार’ आणला. काटेवाले फूटपट्टी घेऊन प्रत्येक शब्दापाशी थांबत आणि म्हणत, “हा समास आहे की नुसती कंजुषी?”

मेहुण्याचा मजकूर एका शब्दाचा होता: मंजूर. बाकीचे एकोणसाठ शब्द अध्यक्षांना द्यावेत अशी त्याची विनंती होती. ती फेटाळली गेली.

भाऊंनी चारही चौकोन लिहिले. पहिल्या चौकोनात: ‘गेल्या अठरा वर्षांत कामगारांची एकही मागणी अपूर्ण राहिलेली नाही.’ दुसऱ्यात: ‘गेल्या अठरा वर्षांत कामगारांची एकही मागणी पूर्ण झालेली नाही.’ दोन्हींची शिरोरेघ एकाच पातळीत, दोन्हींचे ‘ठ’ सारखेच गोल. चौथ्या चौकोनात त्यांनी स्वतःचं लिहिलं: ‘पॅकिंग विभागास स्टुलं मिळवून देईन.’ आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर स्वतःचं वाक्य लिहिताना त्यांनी खडूचं टोक दोनदा घासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर गर्दी होती, पण नेहमीसारखी नव्हती. लोक वाचत, पुढचं वाचत, परत मागे येत. कढईवरचा तोच माणूस, आता म्हातारा झालेला, शेवटी भाऊंपाशी आला.

“भाऊ, यातलं खरं कुठलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन्ही तुमच्याच हातचं आहे. आजवर तुम्ही लिहिलं की आम्ही विचारलं नाही. आता हे पण तुम्ही लिहिलंत, ते पण तुम्हीच. आणि ते स्टुलाचं... तेही त्यातलंच का?”

म्हातारा वाईट हेतूने विचारत नव्हता, हेच भाऊंना जास्त लागलं. छाप विभागात जाताना त्यांच्या कानावर आलं, कुणीतरी मागे म्हणत होतं, “आता फळ्याचं काय, ज्याचा खडू त्याचं खरं.”

दुपारी त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि आपला चौकोन पुसून टाकला.

काटेवाले धावत आले. “अहो, हे काय? सारखा वापर म्हणजे सारखा. तुम्हाला सुविधा नको असेल तर तसं लेखी...” ते मध्येच थांबले. “बरं, अंगठा चालेल.”

त्या संध्याकाळी भाऊंनी बायकोला म्हटलं, “माझं नाव मागे घेतो. माझ्या अक्षराची पत गेली, आता माझं कोण ऐकणार?”

“तुमचं अक्षर गेलं असेल,” ती म्हणाली, “माझे पाय कुठे गेलेत? कागद द्या.”

“कशाला?”

“तुमचं अक्षर संघटनेचं. माझं तर कुणीच मागत नाही.”

तिने वहीचं पान फाडलं, पेन्सिल जिभेला लावली आणि टेबलावर ओणवी होऊन लिहिलं. एकही ओळ सरळ नव्हती आणि शुद्धलेखनाविषयी न बोललेलं बरं. तिने लिहिलं ते असं:

‘आमचे पाय दुकतात. सात वर्स झाली स्टुल मागतोय. माज्या नवर्‍याला निवडून द्या. तो आणेल. नाही आणले तर मी घरी बघून घेईन.’

पान दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलाभोवती हातोहात फिरलं. बायका आधी हसल्या. एकीने मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्याला टेबलावर थाप पडली. मग ते दारातून छाप विभागात गेलं आणि तिथल्या एकोणीस जणांनीही वाचलं. कागदावर साबणाचे बोटांचे ठसे उमटले. तो कागद पाहून कुणाला शंका आली नाही. असलं अक्षर कुणी सांगून लिहवून घेत नाही, हे उघड होतं. शिवाय निवडून आल्यानंतर उमेदवाराकडून काम कोण करून घेणार, याची हमी त्या निवडणुकीत दुसऱ्या कुणीच दिली नव्हती.

मेहुण्याने हरकत घेतली, बहुधा आयुष्यातली पहिलीच. कागद कुणाचा? काटेवाल्यांनी चौकशी केली. वही घरची, पेन्सिल घरची, नवरा घरचा. संघटनेची कोणतीही सुविधा वापरलेली नाही. हरकत नामंजूर.

मतं मोजली तेव्हा छाप-पॅकिंगच्या एक्कावन्न मतांपैकी भाऊंना अडतीस पडली, मेहुण्याला बारा. एक मत बाद झालं, कारण कुणीतरी शिक्का मारायच्या जागी ‘स्टुल’ असं लिहिलं होतं. बॉयलरवाला नऊ मतांनी अध्यक्ष झाला.

नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी यंत्रावरची चिकटपट्टी काढली, किटलीचं झाकण उघडलं आणि माईक तपासून पाहिला, जरी त्यांना त्याची गरज नव्हती. मग भाऊंना हाक मारली. “भाऊ! आता आपलंच राज्य. सगळ्यांचे आभार मानायचेत. एक छानसं पत्रक लिहा. आणि फळ्यावर माझं नाव जरा ठळक.”

“मला नाही जमणार अध्यक्ष.”

“का? निवडणूक संपली की.”

“मी आता कमिटीत आहे. सुविधा कुणी कशी वापरायची हे कमिटी ठरवते. मग कमिटीचाच माणूस सुविधा कसा? काटेवाल्यांना विचारा हवं तर.”

काटेवाल्यांनी मान डोलवली. नव्या अध्यक्षांना ते पटलं नाही, पण पंधरा दिवसांपूर्वी नियम तेवीस त्यांनीच पुढे केला होता.

पहिल्या बैठकीत स्टुलांचा विषय निघाला. “पुढच्या महिन्यात बघू,” अध्यक्ष म्हणाले. सगळे बसले होते. भाऊ उठून उभे राहिले.

“बोला भाऊ.”

“बोलायचं काही नाही. पॅकिंगच्या बायका आठ तास उभ्या असतात. विषय मंजूर होईपर्यंत मीही उभाच राहतो.”

त्या बैठकीत ते दोन तास उभे राहिले. कुणी चहा दिला तर उभ्याने प्यायले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा उभे. एक माणूस काही न बोलता डोक्याशी उभा असला की बसलेल्यांना खुर्ची टोचायला लागते. तिसऱ्या महिन्यात ठराव झाला आणि व्यवस्थापनाकडे गेला. घरी बायको म्हणाली, “आलात का शिकून?” आणि त्यांच्यासमोर कोमट पाण्याची बादली सरकवली.

चार महिन्यांनी सोळा स्टुलं आली. बायका बत्तीस होत्या, म्हणून एक तास एकीने आणि एक तास दुसरीने असं वाटून घेतलं आहे. उरलेल्या सोळांचं पत्र व्यवस्थापनाकडे गेलं आहे. ते पत्र भांडारातल्या एका मुलीने लिहिलं, फळाही आता तीच लिहिते. तिचं अक्षर बरं आहे, पण कारखाना कधी सुरू होणार ते लोक हल्ली छापील नोटिशीवरही पडताळून घेतात.

सुवाच्यभाऊ पूर्ण पाळी छाप विभागात काम करतात. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. दुपारी तीनला भोंगा झाला की ते फाटकापाशी बायकोची वाट पाहतात आणि दोघं बरोबर चालत घरी जातात.